‘सबमिट’ पुन्हा दाबू का? एकच फॉर्म दोनदा का जातो आणि तो कसा थांबवतात

गेल्या वर्षी एका रात्री पावणेबाराला माझ्या मावसभावाचा फोन आला. "दादा, फॉर्म भरायची आज शेवटची तारीख आहे. पैसे भरले, पण नुसतं गोल गोल फिरतंय. पुन्हा दाबू का?"

मी उठून लॅपटॉप उघडेपर्यंत त्याने पुन्हा दाबलं होतं आणि घाईत यूपीआय पिनही पुन्हा टाकला होता. थोड्या वेळाने बँकेचे दोन मेसेज आले. ९०० रुपये आणि परत ९०० रुपये. फॉर्मही दोन झाले, दोन वेगवेगळ्या अर्ज क्रमांकांचे. त्यातले एक ९०० रुपये त्याच्या मेसच्या पैशांतले होते.

मित्रांनो, हा अनुभव तुमच्यापैकी अनेकांना आला असेल. कॉलेजचा प्रवेश असो, परीक्षेची फी असो नाहीतर ऑनलाइन खरेदी. आणि तक्रार केली की बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं: "तुम्हीच दोनदा दाबलंय."

मी वेबसाइट आणि वेब ॲप बनवण्याचं काम करतो, म्हणून आधीच सांगतो. नेट अडकल्यावर माणूस पुन्हा दाबणारच. दोनदा दाबलं तरी नोंद एकदाच व्हावी, हे बघायचं काम वेबसाइट बनवणाऱ्याचं आहे. ते कसं करतात, कोणते उपाय अर्धवट पडतात आणि आपण वापरणाऱ्यांनी काय काळजी घ्यायची, हे आज पाहूया.

बटण दाबल्यावर नेमकं काय होतं?

तुम्ही ‘सबमिट’ दाबता तेव्हा फोन फॉर्ममधली माहिती एका रिक्वेस्टमध्ये भरून वेबसाइटच्या सर्व्हरकडे पाठवतो. सर्व्हर ती वाचतो, डेटाबेसमध्ये नोंद करतो आणि ‘झालं’ असं उत्तर परत पाठवतो. म्हणजे इथे दोन खेपा आहेत. एक जाण्याची आणि एक येण्याची.

आता समजा उत्तर आलंच नाही. याचे तीन अर्थ असू शकतात:

१. रिक्वेस्ट वाटेतच हरवली. सर्व्हरपर्यंत काही पोचलंच नाही.
२. रिक्वेस्ट पोचली, पण सर्व्हरवर गर्दी आहे. काम अजून चालू आहे.
३. रिक्वेस्ट पोचली, नोंद झाली, पैसेही कापले गेले. फक्त ‘झालं’ हे उत्तर परत येताना हरवलं.

तिन्ही वेळा तुमच्या स्क्रीनवर एकच दिसतं, ते म्हणजे गोल फिरणारं चक्र. पहिल्या प्रकारात पुन्हा दाबणं बरोबर आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारात पुन्हा दाबलं की नुकसान. आणि यातला कोणता प्रकार झालाय हे तुमच्या फोनलाही माहीत नसतं.

रजिस्टर पत्राची पोच आठवा. पोच आली नाही तर पत्रच पोचलं नाही की पोच तेवढी गहाळ झाली, हे घरी बसून कळत नाही. तसंच हे आहे.

संगणकशास्त्रात यावर एक प्रसिद्ध कोडं आहे, ‘दोन सेनापतींचा प्रश्न’. दोन डोंगरांवर दोन सेनापती आहेत आणि दोघांनी एकाच वेळी हल्ला करायचाय. निरोप घेऊन जाणारा माणूस मधल्या दरीत पकडला जाऊ शकतो. पहिल्याने निरोप पाठवला, पण तो पोचला का? पोच हवी. ती पोच पोचली का? मग पोचेची पोच हवी. हे संपतच नाही. १९७५ मध्ये हा प्रश्न एका शोधनिबंधात मांडला गेला आणि १९७८ मध्ये जिम ग्रे या संगणकशास्त्रज्ञाने त्याला सेनापतींचं हे नाव दिलं. निरोप हरवू शकत असतील तर दोन्ही बाजूंना शंभर टक्के खात्री देणारी कोणतीही पद्धत असू शकत नाही, हे सिद्ध झालेलं आहे.

म्हणजे फाइव्ह-जी आलं काय आणि पुढचं काही आलं काय, ‘पोचलं की नाही’ ही शंका कधीतरी येणारच. त्यामुळे ‘दुसऱ्यांदा पाठवूच नका’ यावर भरवसा ठेवून चालत नाही. दुसऱ्यांदा आलेलं ओळखता आलं पाहिजे.

काहींना प्रश्न पडेल की इंटरनेट हे स्वतःच करत नाही का? करतं, पण खालच्या पातळीवर. इंटरनेटवर माहिती तुकड्यांत जाते. टीसीपी या नियमावलीत माहितीला क्रमांक दिलेले असतात. तोच तुकडा दोनदा आला तर दुसरा टाकून दिला जातो. पण तुम्ही बटण पुन्हा दाबता तेव्हा टीसीपीच्या दृष्टीने ते नवीन पत्र असतं. आतला मजकूर तोच आहे, याच्याशी त्याला घेणंदेणं नसतं.

माझीच चूक

हे सगळं मी पुस्तकात वाचून शिकलो असं सांगायला आवडलं असतं, पण तसं नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या तालुक्याच्या गावातल्या एका अभ्यासिकेने स्पर्धा परीक्षेची सराव परीक्षा ठेवली होती. खुर्च्या ६०. नोंदणीचा फॉर्म मी फुकटात बनवून दिला. ६० नोंदी झाल्या की फॉर्म आपोआप बंद होऊन ‘जागा भरल्या’ अशी पाटी दिसेल, असं केलं होतं. दोन दिवसांत पाटी लागली. मी खूश.

परीक्षेच्या दिवशी ४९ मुलं आली आणि ११ खुर्च्या रिकाम्या राहिल्या. मला वाटलं, पोरांनी नोंदणी करून दांडी मारली. यादी काढली तर ११ नावं दोनदा होती. तोच मुलगा, तोच नंबर, वेळेत पाच-दहा सेकंदांचा फरक.

त्याच सकाळी एक मुलगी वडिलांबरोबर पहिल्या एसटीने आली होती. "ऑनलाइन जागा नाही दाखवत, पण कुणी आलं नाही तर बसवाल का?" असं विचारायला. अभ्यासिकेच्या काकांनी तिला बसवलं. ती आली म्हणून तिला जागा मिळाली. जे ‘जागा भरल्या’ वाचून घरीच थांबले, त्यांची यादी कुठल्याच डेटाबेसमध्ये नसते.

तेव्हा कळलं की दुहेरी नोंद म्हणजे फक्त यादीतली एक जास्तीची ओळ नसते. ती दुसऱ्या कुणाची तरी खुर्ची अडवून बसते. पुढच्या सराव परीक्षेसाठी मी फॉर्म पुन्हा लिहायला घेतला आणि एकेक उपाय करून पाहिला.

उपाय पहिला: बटण बंद करणं

सगळ्यात सोपा उपाय. पहिल्यांदा दाबलं की बटण लगेच करडं करायचं आणि त्यावर ‘पाठवत आहे, थांबा’ असं लिहायचं. करड्या बटणावर बोट आपटून काही होत नाही. घाईत झालेला डबल टॅप यामुळे थांबतो.

इथे एक बारीक गोष्ट आहे. फॉर्म फक्त बटणानेच जातो असं नाही. कीबोर्डवरच्या ‘एंटर’ किंवा ‘गो’ नेही जातो. म्हणून कुलूप नुसत्या बटणाच्या क्लिकवर न लावता फॉर्मच्या ‘सबमिट’ या घटनेवर लावावं लागतं.

पण हा उपाय अर्धाच आहे. बटण बंद करण्याचं काम जावास्क्रिप्ट करते. रेंज कमी असेल आणि ती फाइल आलीच नसेल, तर बटण उघडंच राहतं. पान पुन्हा लोड केलं की कोरं करकरीत नवं बटण मिळतं. आणि बटण कायमचं बंद ठेवलं तर खरंच नेट गेलेल्या माणसाने काय करायचं? त्याला बटण परत उघडून द्यावं लागतं, आणि ते उघडलं की आपण पुन्हा पहिल्या प्रश्नावर.

सर्वात मोठी अडचण म्हणजे बटण तुमच्या फोनमध्ये आहे. सर्व्हरवर काय घडलंय हे त्याला माहीत नाही. म्हणून हा उपाय करायचा जरूर, पण त्याच्या भरवशावर राहायचं नाही.

उपाय दुसरा: पोस्ट, रीडायरेक्ट, गेट

फॉर्म भरल्यावर पान रिफ्रेश केलं की कधीकधी क्रोम ‘कन्फर्म फॉर्म रिसबमिशन’ असा इशारा देतो. त्याचा अर्थ, ‘हे पान पुन्हा दाखवायचं तर मला तुमचा फॉर्म पुन्हा पाठवावा लागेल, पाठवू का?’ घाईत आपण हो म्हणतो आणि दुसरी नोंद होते.

असं का होतं? वेबवर रिक्वेस्टचे दोन मुख्य प्रकार आहेत. ‘गेट’ म्हणजे नुसतं पान मागणं. ‘पोस्ट’ म्हणजे काहीतरी माहिती देऊन काम करायला सांगणं. तुम्ही ‘पोस्ट’ केलं आणि सर्व्हरने त्याच्याच उत्तरात ‘धन्यवाद’चं पान दाखवलं, तर ते पान रिफ्रेश करणं म्हणजे ‘पोस्ट’ पुन्हा करणं.

उपाय असा की नोंद झाल्यावर सर्व्हरने थेट पान द्यायचं नाही. ‘नोंद झाली, आता अमुक पत्त्यावर जा’ एवढंच सांगायचं. यासाठी ३०३ हा खास कोड आहे. तो आला की ब्राउझर नव्या पत्त्यावर ‘गेट’ करतो आणि तिथे ‘धन्यवाद’ दिसतं. आता शंभर वेळा रिफ्रेश केलं तरी फक्त तेच पान पुन्हा येईल, फॉर्म जाणार नाही.

मोबाइलवर याचा जास्त उपयोग होतो. आपण ओटीपी बघायला दुसऱ्या ॲपमध्ये जातो. मेमरी कमी असली की ब्राउझर मागचं पान मिटवून टाकतो आणि परत आल्यावर नव्याने उघडतो.

पण ३०३ चं उत्तरच वाटेत हरवलं तर? तर वापरणारा अजूनही जुन्याच फॉर्मवर असतो आणि त्याचं बोट पुन्हा बटणावर जातं. म्हणजे हाही उपाय हवा, पण हाही पुरा नाही.

उपाय तिसरा, जो माझ्यावरच उलटला

मग मी विचार केला की एका मोबाइल नंबरवर एकच नोंदणी घ्यायची. दुसरी आली की नाकारायची. मला हे फार हुशारीचं वाटलं होतं.

दुसऱ्याच दिवशी अभ्यासिकेत तक्रार आली. दोन बहिणी, दोघींनाही परीक्षा द्यायची होती, आणि घरात नंबर एकच, वडिलांचा. मोठीची नोंदणी झाली आणि धाकटीला फॉर्म म्हणाला, ‘तुमची नोंदणी आधीच झाली आहे.’

माहिती सारखी असली म्हणजे काम एकच आहे असं नाही. तुम्ही सकाळी टपरीवर चहाचे २० रुपये पाठवता आणि संध्याकाळी त्याच टपरीवर पुन्हा २० पाठवता. रक्कम तीच, माणूस तोच, पण दोन्ही व्यवहार खरे. ‘सारखं दिसतंय म्हणून अडवा’ असं केलं तर संध्याकाळचा चहा फुकट जाईल.

मग खरं दुहेरी कोणतं? जिथे माणसाला काम एकदाच करायचं होतं, पण रिक्वेस्ट दोन गेल्या. हे फॉर्ममधल्या नावा-नंबरावरून कळत नाही. त्यासाठी वेगळी खूण लागते.

उपाय चौथा: प्रत्येक कामाला एक टोकन

पिठाच्या गिरणीत दोन घरांचे पाच-पाच किलो गहू सारखेच दिसतात. डब्यावरच्या चिठ्ठीमुळे कोणाचं दळण झालं आणि कोणाचं राहिलं ते कळतं. अशीच चिठ्ठी फॉर्मला लावायची.

तुम्ही फॉर्म उघडता तेव्हाच सर्व्हर एक वेगळा क्रमांक तयार करतो आणि फॉर्ममध्ये लपवून ठेवतो. त्यासाठी बऱ्याचदा यूयूआयडी वापरतात. हा १२८ बिटांचा क्रमांक असतो आणि त्याच्या चौथ्या आवृत्तीत त्यातले १२२ बिट यादृच्छिक, म्हणजे कसलाही क्रम नसलेले असतात. दोन फॉर्मना चुकून एकच क्रमांक मिळण्याची भीती व्यवहारात धरायचं कारण नाही.

तुम्ही सबमिट दाबलं की माहितीबरोबर हे टोकनही जातं. सर्व्हर बघतो:

• हे टोकन नवीन आहे? मग काम कर, नोंद ठेव आणि काय उत्तर दिलं तेही लिहून ठेव.
• हे टोकन आधी येऊन गेलंय? मग काम पुन्हा करू नको. मागच्या वेळी दिलेलंच उत्तर परत दे.

दुसरा मुद्दा नीट लक्षात घ्या. दुसऱ्यांदा आलेल्याला ‘एरर’ दाखवायची नाही. लाल अक्षरांत काही दिसलं की माणूस घाबरतो आणि भावाच्या फोनवरून तिसरा फॉर्म भरतो. त्याला ‘तुमची नोंद झाली आहे, क्रमांक ३७’ हेच उत्तर परत मिळालं पाहिजे. त्याच्या दृष्टीने सगळं सुरळीत झालेलं असतं, आणि खरंच झालेलं असतं.

आता दोन बहिणींचा प्रश्नही सुटतो. धाकटी फॉर्म नव्याने उघडते, तिला नवं टोकन मिळतं. नंबर वडिलांचाच असला तरी चालतो.

हे करताना नवशिके दोन चुका करतात. पहिली, बटण दाबताना दर वेळी नवं टोकन बनवणं. मग प्रत्येक दाबणं हे नवं काम ठरतं आणि टोकनचा उपयोगच राहत नाही. टोकन दाबण्याच्या आधी बनलं पाहिजे आणि पुन्हा दाबलं तरी तेच राहिलं पाहिजे. दुसरी चूक, टोकन तेच पण आतली माहिती बदललेली, हे न तपासणं. अशा वेळी गुपचूप जुनं उत्तर न देता ‘माहिती बदलली आहे, फॉर्म नव्याने उघडा’ असं स्पष्ट सांगावं.

दोन खिडक्यांची गोष्ट

टोकन लावूनही मी एकदा फसलो, कारण तपासणी चुकीच्या जागी ठेवली होती.

कल्पना करा, एका कार्यालयात दोन खिडक्या आहेत आणि मध्ये एकच वही. तुमचा अर्ज चुकून दोन्ही खिडक्यांवर एकाच क्षणी पोचला. पहिला कारकून वही बघतो, हे टोकन नाहीये. त्याच क्षणी दुसराही बघतो, त्यालाही दिसत नाही. दोघेही लिहितात आणि नोंदी दोन होतात. दोघांनीही नियम पाळला होता.

सर्व्हरवर हेच होतं, कारण तो एका वेळी अनेक रिक्वेस्ट हाताळतो. ‘आधी बघ, मग लिही’ या दोन पायऱ्यांमधल्या काही मिलिसेकंदांच्या फटीत दुसरी रिक्वेस्ट घुसते. याला ‘रेस कंडिशन’ म्हणतात.

म्हणून वहीलाच शिस्त लावायची. डेटाबेसमध्ये टोकनच्या रकान्यावर ‘युनिक’ असं बंधन टाकलं की एकच टोकन दोनदा लिहिणं डेटाबेस स्वतःच नाकारतो. दोघे एकदम आले तरी एकच आत जातो. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये ९.५ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१६ पासून, ‘ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग’ अशी आज्ञा आहे. तिचा अर्थ ‘आधीच असेल तर काही करू नको’. त्याबरोबर टोकन लिहिणं, नाव लिहिणं आणि एक जागा कमी करणं ही तिन्ही कामं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये ठेवायची. झाली तर तिन्ही होतात, नाहीतर एकही नाही.

लिफ्टचं बटण आणि देवळातली घंटा

लिफ्टचं बटण एकदा दाबा नाहीतर दहा वेळा, लिफ्ट तुमच्या मजल्यावर एकदाच येते. देवळातली घंटा मात्र जितक्या वेळा वाजवाल तितक्या वेळा वाजते. लिफ्टसारख्या वागण्याला तांत्रिक भाषेत ‘आयडेम्पोटंट’ म्हणतात. शब्द गणितातला आहे. अमेरिकन गणितज्ञ बेंजामिन पीअर्स यांनी तो १८७० मध्ये वापरात आणला.

वेबच्या नियमांतही हा फरक आहे. जून २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी ९११० या दस्तऐवजानुसार ‘गेट’, ‘पुट’ आणि ‘डिलीट’ या रिक्वेस्ट लिफ्टसारख्या असायला हव्यात. ‘पोस्ट’ मात्र घंटेसारखी धरली जाते. म्हणून दुसऱ्यांदा पाठवलेली चालेल अशी खात्री नसेल, तर ‘पोस्ट’ आपणहून पुन्हा पाठवू नये असं हाच दस्तऐवज सांगतो. टोकन लावणं म्हणजे या घंटेला लिफ्टचं बटण बनवणं.

पैशांच्या बाबतीत काय?

पेमेंटमध्येही तीच कल्पना चालते. चांगली वेबसाइट पैसे मागण्याआधी स्वतःकडे एक ऑर्डर तयार करते आणि तिला क्रमांक देते. पुढचे सगळे प्रयत्न त्याच क्रमांकाखाली होतात. एकदा पैसे आले की त्या ऑर्डरवर दुसऱ्यांदा पैसे घ्यायचेच नाहीत. स्ट्राइप या पेमेंट कंपनीच्या यंत्रणेत रिक्वेस्टबरोबर ‘आयडेम्पोटन्सी की’ पाठवता येते. तीच की पुन्हा आली तर नवा व्यवहार न करता जुनंच उत्तर मिळतं. या की किमान २४ तास लक्षात ठेवल्या जातात.

माझ्या मावसभावाच्या बाबतीत हे नव्हतं. दुसऱ्यांदा दाबल्यावर त्या वेबसाइटने दुसरा अर्ज आणि दुसरं पेमेंट सुरू केलं. ‘या अर्जाचं एक पेमेंट अजून लटकलेलं आहे, आधी त्याचं काय झालं ते बघू’ असं तिने विचारलंच नाही. ‘बॅक दाबू नका, रिफ्रेश करू नका’ अशी सूचना मात्र पानावर ठळक होती.

पैसे दोनदा गेले तर काय करायचं?

इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते.

पहिली गोष्ट, पैसे कापले गेले पण समोरच्याला मिळालेच नाहीत. याला अयशस्वी व्यवहार म्हणतात. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात याची मुदत ठरवली आहे. यूपीआयने एखाद्या व्यक्तीला पैसे पाठवले असतील तर व्यवहाराच्या दिवसानंतर एका दिवसात, आणि दुकान किंवा वेबसाइटला दिले असतील पण त्यांच्याकडे खात्री पोचली नसेल तर पाच दिवसांत पैसे आपोआप परत आले पाहिजेत. त्यापुढे उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई ठरलेली आहे.

दुसरी गोष्ट, दोन्ही वेळा पैसे खरोखर पोचले. बँकेच्या दृष्टीने दोन्ही व्यवहार यशस्वी आहेत, म्हणून ते आपोआप परत येत नाहीत. ज्यांना पैसे मिळाले त्यांच्याकडेच परतावा मागावा लागतो. मावसभावाचं प्रकरण हे होतं. आम्ही दोन्ही अर्ज क्रमांक, दोन्ही व्यवहारांचे १२ अंकी संदर्भ क्रमांक आणि वेळा लिहून ईमेल पाठवला. जवळपास तीन आठवड्यांनी एक ९०० परत आले. तोपर्यंत मेसचे पैसे मी भरले.

वापरणारे म्हणून आपण काय करायचं?

• चक्र फिरत राहिलं तर आधी यूपीआय ॲपची हिस्टरी आणि बँकेचा मेसेज बघा. व्यवहार ‘पेंडिंग’ असेल तर त्याचा निकाल लागेपर्यंत पुन्हा पैसे भरू नका.
• तेच पान रिफ्रेश करण्याऐवजी नव्या टॅबमध्ये लॉगिन करून ‘माझे अर्ज’ किंवा ‘माझ्या ऑर्डर’ उघडा. नोंद झाली असेल तर तिथे दिसेल.
• घाबरून दुसऱ्या फोनवरून भरू नका. तिथे नवा फॉर्म उघडतो आणि टोकनही नवं मिळतं, त्यामुळे चांगली वेबसाइटसुद्धा ते वेगळं काम समजेल.
• स्क्रीनशॉट घ्या. त्यात वेळ, रक्कम आणि संदर्भ क्रमांक दिसला पाहिजे.
• कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधून लावू नका, तो त्या संस्थेच्या वेबसाइटवरूनच घ्या. आणि पैसे परत मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. कुणी मागितला तर फोन ठेवा.
• जमलं तर शेवटच्या तारखेच्या रात्रीची वाट बघू नका.

तुमच्यापैकी कुणी वेब डेव्हलपमेंट शिकत असेल तर स्वतःच्या फॉर्मवर तीन प्रयोग नक्की करा. बटण दहा वेळा भराभर दाबा. दाबल्यावर लगेच एअरप्लेन मोड लावा, मग काढून पुन्हा दाबा. आणि सर्व्हरवर नोंद झाल्यावर, पण उत्तर जाण्याआधी, मुद्दाम दहा सेकंदांचा उशीर घालून बघा. तिन्ही वेळा डेटाबेसमध्ये एकच ओळ असली पाहिजे.

अभ्यासिकेची पुढची सराव परीक्षा या नव्या फॉर्मवर झाली. ६० नावं, ६० वेगवेगळी मुलं. त्या दोघी बहिणीही त्यात होत्या. नंतर मी सहज सर्व्हरच्या नोंदी उघडून पाहिल्या, तर तेच टोकन पुन्हा आल्याचे १४ प्रसंग होते. म्हणजे मुलांनी दोनदा दाबायचं काही सोडलं नव्हतं. फक्त या वेळी त्यामुळे कुणाची खुर्ची गेली नव्हती.